आठ वाजताचं पाणी

नदीची रेघ काढणं हे माझं काम होतं. कागदाच्या खालच्या कडेला वर्षाचे दिवस, डाव्या कडेला पाण्याची उंची आणि मध्ये एक रेघ. पाणी चढलं की रेघ वर जायची, ओसरलं की खाली यायची. साताऱ्याच्या आमच्या कार्यालयात आरेखक ती हाताने काढत. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ती यंत्राकडून काढून घ्यायचं ठरलं, आणि यंत्राला हुकूम लिहून देण्यासाठी मला घेण्यात आलं. त्याआधी तीन वर्षं मी सांगलीच्या एका दैनिकात उपसंपादक होतो. तिथे पुराच्या बातमीत ‘हाहाकार’ हा शब्द आला की वृत्तसंपादक तो खोडून त्या जागी पाण्याची पातळी लिहायला लावत. गणिताची पदवी आणि ही सवय एवढीच माझी पात्रता होती.

यंत्र साताऱ्यात नव्हतं. ते पुण्यात, एका संस्थेच्या थंड ठेवलेल्या खोलीत होतं. बाहेरच्या कार्यालयांना तिथे दुपारचे दोन तास मिळत. आमच्या नोंदवह्यांतले आकडे भोकं पाडलेल्या कार्डांवर चढवायचे, कार्डांचे गठ्ठे सुतळीने बांधून एस. टी.ने पुण्याला न्यायचे आणि आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसायचं. खोलीच्या एका कोपऱ्यात प्लॉटर होता. त्याच्या लाटण्यासारख्या रुळावरून कागद मागेपुढे सरके आणि वर एक पेन डावीउजवीकडे. हात कुणाचाच नसे. पहिल्यांदा पाहणारा माणूस दोन पावलं मागे सरायचा. मीही सरलो होतो.

हुकूम साधा असे: कालच्या पाण्यापासून आजच्या पाण्यापर्यंत रेघ ओढ. वर्षासाठी हा हुकूम तीनशे चौसष्ट वेळा द्यायचा. तो तितक्या वेळा लिहिण्याची गरज नसे. फोरट्रान भाषेत ‘डू’ असं लिहून कितव्या दिवसापासून कितव्या दिवसापर्यंत ते सांगितलं, की यंत्र तोच हुकूम फिरून फिरून पाळी. त्याला आम्ही फेरा म्हणत असू. आतला फेरा दिवसांचा, बाहेरचा वर्षांचा. एक वर्ष संपलं की पेन उचलून पुन्हा डाव्या कडेला येई आणि त्याच कागदावर पुढचं वर्ष सुरू करी. कुठल्या दिवशी पूर होता आणि कुठल्या दिवशी नव्हता, हे फेऱ्याला माहीत नसतं. तो मोजत असतो.

चुका सगळ्या माझ्याच असत. पहिल्याच महिन्यात हुकमात चालू दिवसाच्या जागी पहिलाच दिवस लिहिला गेला. पेन एकाच ठिपक्यावर टेकत आणि उचलत राहिलं. कागदाला भोक पडलं तेव्हा ऑपरेटर फडके यांनी बटण दाबून ते थांबवलं.

फेऱ्यामुळे माणसांच्या लकबीही दिसू लागल्या. वाईच्या बाजूच्या, पाणी मोजण्याच्या एका ठाण्याची रेघ आठवड्यातून एक दिवस अगदी आडवी जाई. आरेखकांच्या हाताला ते कधी जाणवलं नव्हतं. पाच वर्षं एकावर एक काढल्यावर त्या आडव्या तुकड्यांची माळच दिसली. मी तिथल्या गेजरीडरला विचारलं. नदीकाठची मोजपट्टी रोज सकाळी आठ वाजता वाचून वहीत आकडा लिहिणारा तो गेजरीडर.

“आवं सायेब, त्या दिशी बाजार असतोय,” तो म्हणाला. “मी बाजारला जातोय. नदी कुटं जातीया?”

त्याला समज देण्यात आली. पुढच्या वर्षी बाजाराच्या दिवशी त्याच्या नदीचं पाणी नेमकं एक सेंटीमीटरनं चढू लागलं.

आता ज्या ठाण्यासाठी हे लिहायला बसलो त्याकडे येतो. ते कराडच्या खाली आणि सांगलीच्या वर, कृष्णेच्या काठावरचं एक गाव. नाव मुद्दाम देत नाही. तिथला सकाळी आठचा आकडा पावसाळ्यात टपाल कार्यालयातून तारेने सांगलीला जाई, आणि त्यावरून खालच्या गावांना सावध केलं जाई. गेजरीडर गणपत, लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेला. पाच वर्षांत त्याचा एकही दिवस कोरा नव्हता. कार्यालयात त्याच्या वहीचं उदाहरण देत.

त्याच्या पाच वर्षांची कार्डं मी यंत्रात घातली. पहिल्या वर्षाची रेघ नेहमीसारखी आली. दुसऱ्या वर्षाची दिवाळीपर्यंत तशीच होती. तिथून पुढे पेनाच्या चालीत फरक पडला. ते काही दिवस अगदी आडवं जाई, मग एकदम खाली उतरे किंवा वर चढे आणि पुन्हा आडवं जाई. तिसरं वर्ष सगळं तसंच. चौथं आणि पाचवंही तसंच.

फडके चष्मा वर करून म्हणाले, “काय हो, तुमची नदी जिना उतरतेय की काय?”

मला माझी चूक वाटली. फोरट्रानमध्ये एखाद्या राशीला चुकीच्या अक्षराने सुरू होणारं नाव दिलं तर यंत्र तिला पूर्णांक समजतं आणि दशांश गाळून टाकतं. दशांश गळाले की रेघेला पायऱ्या पडतात. मी हुकमांचं कार्ड अन् कार्ड तपासलं. नावं बरोबर होती. शिवाय गळालेल्या दशांशांच्या पायऱ्या सारख्या उंचीच्या असतात. ह्या सारख्या नव्हत्या. एक अठरा सेंटीमीटरची, वरची बावीसची, त्यावरची सतराची. आणि चारही वर्षं त्या त्याच उंचीवर येत होत्या. वही काढून मोजलं. पहिल्या वर्षी आकडे हवे तसे विखुरलेले होते. शेवटच्या तीन वर्षांतल्या हजाराहून अधिक नोंदींत मिळून एकतीसच निरनिराळे आकडे होते.

कार्यालयप्रमुख इनामदारसाहेबांनी कागद बराच वेळ पाहिला. “घरी बसून आकडे घालतो आहे,” ते म्हणाले.

“घरी बसून घालणारा इतके कमी आकडे वापरत नाही,” मी म्हटलं. “आणि ते सांगलीच्या पाण्याशी जुळतात. पूर आला तेव्हा ह्याचंही पाणी चढलेलं आहे. फक्त पायरीपायरीनं.”

“मग जाऊन बघा. जे दिसेल तेवढंच लिहा.”

माघ महिना होता. कराडहून पहिली गाडी पकडून साडेसातला गावात उतरलो. नदीवर धुकं होतं. वळणावर ते जरा विरळ झालं आणि पलीकडे घाट बाजूने दिसला, कडेची पायऱ्यांची नुसती आकृती. वरून तिसरी पायरी उंच, तिच्याखालची बुटकी, मग दोन जवळपास सारख्या. मी त्या गावी पूर्वी कधी गेलो नव्हतो. पण ती आकृती माझ्या पिशवीत गुंडाळून ठेवलेल्या कागदावर होती.

हवालदार घाटाच्या माथ्यावर उभा होता. खाकी सदरा इस्त्रीचा, पायात काही नाही. मी नाव आणि कार्यालय सांगताच त्याने टाचा जुळवल्या. त्याची बायको अक्काताई मागे देवळाच्या ओट्यावर बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर ओढून घेतला.

“आठ वाजत्यात, सर,” तो म्हणाला. “चला. रीडिंग घेतो.”

तो झपझप उतरू लागला. ओठ हलत होते. मी एकेक पायरी बघून उतरत होतो, तो बघत नव्हता. पाण्याला पाय लागताच तो थांबला. उजव्या हाताला दगडी बुरूज होता. अशा बुरुजाला पाणी मोजायच्या मीटरमीटरच्या लोखंडी पट्ट्या ठोकलेल्या असतात. त्याने मान वळवली, कमरेत वाकला, डोळे बारीक केले, जसं कुणीही बारीक अक्षर वाचताना करतं, आणि म्हणाला, “दोन मीटर चोवीस.”

तो जिथे पाहत होता तिथे पट्टी नव्हती. खिळ्यांची चार भोकं आणि गंजाचे ओघळ होते. खालची पट्टी पाण्यात होती, वरची कमरेच्या वर सुरू होत होती. मधली, दोन ते तीन मीटरची, कधीतरी वाहून गेली होती.

तो वाकलेलाच राहिला. धुक्यातून पाण्याचा आवाज येत होता.

“हवालदार,” मी विचारलं, “पट्टी कुठे आहे?”

“ही काय, समोर हाय की.”

“हात लावून दाखवा.”

त्याने हात पुढे केला. बोटं दगडावरून फिरली, भोकाशी थांबली, दुसऱ्या भोकाशी गेली. मग त्याने हात मागे घेतला आणि ताठ उभा राहिला. चेहरा माझ्याकडे नव्हता, मी मघाशी जिथे उभा होतो तिकडे होता.

“कवा गेली?” त्याने विचारलं.

वरून अक्काताईचा आवाज आला. “दोन पावसाळं झालं. मीच न्हाई सांगितलं. आता सांगून टाका त्यास्नी.”

घरी चहा झाला. हवालदार आपणहून बोलला, रपोट दिल्यासारखा. डोळ्यांत काचबिंदू. आधी कडेकडेचं दिसेना, मग मधलंही गेलं. दुसऱ्या वर्षीच्या दिवाळीला दारातल्या पणत्या दिसल्या नाहीत तेव्हा त्याला कळलं. तोवर कुठल्या पायरीला पट्टीवर कुठला आकडा येतो, हे त्याने एकतीसही पायऱ्यांचं पाठ करून ठेवलं होतं. कोरड्या पायऱ्या पायाने मोजायच्या, पाणी लागलं की थांबायचं, आकडा बायकोला सांगायचा. वहीत ती लिही.

“आणि पुरात?”

“पुरात बी उतरतोय की. कमरंला दोर बांधतोय. दुसरं टोक हिच्या हातात. ही खांबाला येढा मारून बसती.”

“भीती नाही वाटत?”

“दिसणाऱ्याला वाटती, सर. लय पानी दिसतंय त्याला. मला पायाखालची एक पायरी कळती, तेवढीच.” तो थांबला. “माझं रीडिंग खोटं हाय का?”

मी मनात हिशेब केला. त्या दिवशीचं पाणी वरच्या आणि खालच्या पट्टीवरून काढलं तर दोन मीटर एकतीस येत होतं. त्याने दोन चोवीस सांगितलं. कुठलीही चूक एका पायरीपेक्षा मोठी असणं शक्य नव्हतं. पूर सावधानतेला तेवढं पुरेसं होतं.

“खोटं नाही,” मी म्हटलं.

निघताना अक्काताई वळणापर्यंत आली. “सायेब, पट्टी गेली म्हनून लिवा. बाकीचं लिवू नका. पेनशन येती, पोटाचं न्हाई काय. पर सकाळी आठ वाजता ह्यो मानूस मानूस असतोय. त्ये गेलं तर दिसभर भिताडाकडं त्वांड करून बसंल.”

गाडी येईपर्यंत ती तिथेच उभी होती. मी तिला काही कबूल केलं नाही.

अहवाल पाच वाक्यांचा झाला. मधली पट्टी गहाळ आहे. गेजरीडर दृष्टिहीन आहे. नोंदी पायऱ्या मोजून घेतलेल्या आहेत. त्या बनावट नाहीत. घाटाच्या झिजलेल्या पायऱ्या धोकादायक असून त्या दुरुस्त करून घ्याव्यात. दुसरं वाक्य वगळता आलं असतं. वगळलं असतं तर पायऱ्यांच्या रेघेचा खुलासा झाला नसता. माझ्या पूर्वीच्या धंद्यात अर्धी बातमी देणं ही लबाडी समजली जाई, आणि त्या वयात मला तेवढंच ठाऊक होतं.

कारवाई लवकर झाली. हवालदाराला कामावरून कमी केलं. पोलीस पाटलाचा पुतण्या विलास, तिशीतला, दोन मुलांचा बाप, त्याच्या जागी आला. नवी पट्टी ठोकली गेली. झिजलेल्या पायऱ्यांवर सिमेंटचा घोटीव थर चढला. पायऱ्या दुरुस्त झाल्याचं पत्र माझ्याच टेबलावरून फाइलला लागलं.

त्या वर्षीच्या नोंदी डिसेंबरात माझ्याकडे आल्या. कार्डं झाली, पुण्याची पाळी मिळाली. दुपारची वेळ होती. बाहेर ऊन, आत नेहमीची थंडी. फडक्यांनी कागद लावला आणि पेन निघालं.

सुरुवातीला हवालदाराच्या शेवटच्या पायऱ्या आल्या. मार्च ते जून रेघ मऊ होती, दिसणाऱ्या माणसाची. जुलैत पाणी चढलं, तरी ती मऊच. ऑगस्टमध्ये पूर आला तेव्हा पेन थांबल्यासारखं झालं आणि आडवं गेलं. मग एकदम वर चढलं. पुन्हा आडवं, पुन्हा वर. बावीस, सतरा, अठरा. मला आकडे वाचावे लागले नाहीत.

“जिना परत आला बघा,” फडके म्हणाले. “तो म्हातारा काढला होता ना तुम्ही?”

“हो.”

पेन वर चढत होतं. वरच्या तिसऱ्या पायरीला पोचलं, तिथे दोन दिवस राहिलं, मग एक पायरी उतरलं. आणखी एक उतरलं. आठ दिवस झाले होते. नवव्या दिवशी ते आडवं गेलं. दहाव्या दिवशी आडवं. अकराव्याही. सांगलीचं पाणी त्या दिवसांत झपाट्याने उतरत होतं, ते मला पाठ होतं. पायरीचा माणूस असता तर रेघ खाली आली असती. बाराव्या दिवशी ती एकदम मोठी उडी घेऊन खाली आली आणि पुन्हा मऊ झाली. सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर. फेरा पुढचे दिवस मोजत राहिला.

मी वही उघडली. मार्चपासून सगळं अक्षर विलासचं, सगळ्या सह्या विलासच्या, शेऱ्याचा रकाना कोरा. कार्यालयात कुणी काही कळवलेलं नव्हतं. कळवायचं कारणच नव्हतं. हवालदार आता आमच्या नोकरीत नव्हता.

दुसऱ्या दिवशी गावी गेलो. अक्काताई दारात तांदूळ निवडत होती. तिच्या कपाळाकडे पाहिल्यावर विचारायचं काही उरलं नाही.

“कुनी सांगितलं तुमास्नी?” तिने विचारलं.

मी पिशवीतला कागद काढून तिच्यापुढे पसरला. ती चौथीपर्यंत शिकलेली. मी कुठली रेघ कशाची ते दाखवलं. पायऱ्यांवरून तिने बोट फिरवलं, वर, मग खाली, आणि आडव्या रेघेपाशी आणून उचललं.

“ह्ये त्येच,” ती म्हणाली. “त्या दिशी.”

मग तिने सांगितलं. काम गेल्यावर हवालदार घाटाकडे फिरकला नव्हता. पूर आला आणि विलास सकाळी दारात आला. बुरुजाची पट्टी काठावरून दिसत नाही, त्यासाठी खाली उतरावं लागतं आणि विलासला पोहता येत नव्हतं. “तात्या, तेवढं किती झालंय बगून सांगता का?” तो म्हणाला. हवालदाराने इस्त्रीचा सदरा मागितला. सात दिवस तो रोज उतरला. अक्काताई दोर धरून बसे. आठव्या दिवशी पाणी ओसरू लागलेलं होतं. सिमेंटच्या पायऱ्या पाण्याबाहेर आल्या होत्या आणि त्यांच्यावर गाळ बसला होता.

“आकडा वरडून सांगितला त्येंनी,” ती म्हणाली. “विलासनं लिवला. मग पाय निसटल्याचा आवाज आला. दोर ताठ झाला. मी वढला. आन् मग त्यो हलका झाला. नुसताच आला.”

गाठ सुटली होती की त्याने सोडली होती, हे तिला माहीत नव्हतं. तीन दिवस गाव नदीकाठाने शोधत होतं. विलासही त्यांत होता. पट्टीकडे कुणी गेलं नाही. तिसऱ्या दिवशी सांगलीच्या अलीकडे सापडला.

“जुन्या दगडावर न्हाई घसरला कवा,” ती म्हणाली. अहवालातलं पायऱ्या दुरुस्तीचं पाचवं वाक्य कुणाचं होतं ते तिला माहीत नव्हतं. मी ते तिला सांगितलं. तिने तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

“तुमी चांगल्यासाठीच लिवलं असंल,” ती म्हणाली. “आता येक सांगा. ते आठ दिस वहीत कुनाच्या नावावर हायती?”

“विलासच्या.”

“विलासनं घाट बी उतरला न्हाई.” तिचा आवाज चढला नाही. “मानूस गेला त्ये गेला. पर पानी त्येंनी मोजलंया. ते त्येंच्या नावावर तरी ऱ्हाऊ द्या.”

साताऱ्याला परत आलो. इनामदारसाहेबांचं मत स्पष्ट होतं: अकरा दिवसांच्या नोंदी संशयास्पद आहेत, त्या गाळाव्यात. गाळणं सोपं होतं. दिवसांच्या फेऱ्याचे दोन तुकडे करायचे, मधले दिवस सोडून द्यायचे आणि रेघेत जागा मोकळी ठेवायची. मी फेरा तोडला, पण तीनच दिवसांसाठी. ते तीन आकडे कुणीच वाचलेले नव्हते. आठ दिवस तसेच ठेवले. पुण्यात कागद पुन्हा निघाला. पेन पायऱ्या चढलं, दोन उतरलं, मग उचललं गेलं, कोऱ्या कागदावरून पुढे सरकलं आणि पुन्हा टेकलं.

प्रत्येक कागदासोबत एक तक्ता जाई. ठाणं, वर्ष, तारखा आणि वाचकाचं नाव. त्या आठ तारखांसमोर मी गणपत हवालदाराचं पूर्ण नाव लिहिलं आणि कागद सहीसाठी ठेवला.

इनामदारसाहेबांनी तक्ता वाचला. पेन उघडलं, पुन्हा बंद केलं.

“हा मनुष्य त्या तारखांना आपल्या सेवेत होता का?”

“नव्हता,” मी म्हटलं.

“मग वाचन कोणी घेतलं?”

“त्यानेच.”

त्यांनी कागद उलटून पायऱ्यांची रेघ एकदा पाहिली. नंतर तक्त्याच्या तळाशी सही केली आणि पुढची फाइल ओढली.